लुई शेवरोले : गाडीला नाव देऊन रिता राहिलेला कारागीर

अमेरिकेत गाडी विकत घेणारा माणूस विक्रेत्याच्या दालनात पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्या मनात तीन तराजू एकाच वेळी हलत असतात. किंमत किती आणि घासाघीस करून ती किती उतरेल, हा पहिला. गाडी रस्त्यावर धावते कशी, तिच्या इंजिनात दम किती, हा दुसरा. तिसऱ्याची वाच्यता सहसा होत नाही. दारात उभ्या राहणाऱ्या गाडीवर नाव कोणाचे असणार, हा तो तिसरा तराजू. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डेट्रॉईट शहरात दोन माणसे हाच हिशेब मांडायला एकत्र आली होती. एकाला किंमत आणि बाजार कळत होता, दुसऱ्याला इंजिन. शर्यतींच्या मैदानावर गाजलेले नाव दुसऱ्याचे होते आणि पहिल्याला ते हवे होते. दोघांची भागीदारी जेमतेम दोन वर्षे टिकली. नाव कंपनीकडे राहिले आणि नावाचा मूळ धनी बाहेर पडला. त्या माणसाचे नाव लुई शेवरोले.

लुईचा जन्म २५ डिसेंबर १८७८ रोजी स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या गावी झाला. हे गाव घड्याळांचे. घराघरांत खिडकीशी मेज मांडून बारीक चाके आणि कमानी जुळवणारे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. लुईचे वडील जोसेफ-फेलिसिएन हेही घड्याळजीच. केसाएवढ्या अंतराची चूक झाली तरी यंत्र चुकीची वेळ दाखवते, हा त्या धंद्याचा पहिला धडा. तो या मुलाच्या कानावर बालपणीच पडला. लुई अजून लहान असताना हे कुटुंब स्वित्झर्लंड सोडून फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातल्या बोन या गावी गेले. द्राक्षमळे आणि मद्याची तळघरे यांसाठी ते गाव प्रसिद्ध होते. घरात मुले बरीच आणि मिळकत बेताची, त्यामुळे लुईचे शिक्षण फार पुढे गेले नाही.

बोनमध्ये तो एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. त्या काळी सायकल हे नवलाचे वाहन होते आणि सायकलींच्या शर्यतींना गावोगाव गर्दी लोटत असे. अंगापिंडाने धिप्पाड असलेला लुई दिवसा सायकली दुरुस्त करी आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरे. बक्षिसाच्या रकमेचा घराला हातभार लागे. बोनमध्ये उतरलेल्या एका धनिक अमेरिकन प्रवाशाचे बंद पडलेले तीनचाकी यंत्रवाहन लुईने दुरुस्त केले आणि त्या प्रवाशाने त्याला अमेरिकेची वाट दाखवली, अशी एक आख्यायिका त्याच्या चरित्रात हटकून येते. ती खरी असो वा नसो, यंत्राच्या ओढीने हा तरुण बोनहून पॅरिसला गेला आणि तिथून समुद्रापार निघाला, एवढे निश्चित.

१९०० साली तो कॅनडातील माँट्रियल येथे उतरला. शहर फ्रेंच बोलणारे असल्याने सुरुवात सोपी गेली. गाडी चालवणे आणि ती दुरुस्त करणे ही दोन्ही कामे त्याने तिथे केली. मात्र मोटारींचे खरे भवितव्य सीमेच्या दक्षिणेला घडत होते, म्हणून थोड्याच काळात तो न्यूयॉर्कला आला. तिथे स्विस वंशाचे कारखानदार विल्यम वॉल्टर यांच्याकडे आणि पुढे द दियाँ-बुतों या फ्रेंच कंपनीच्या ब्रुकलिनमधील शाखेत त्याने नोकरी केली. परदेशात पाय रोवताना आपल्या भाषेचा मालक आणि आपल्या हातचे कौशल्य या दोन आधारांवर पहिली वर्षे निभतात. लुईचीही तशीच निभली. पाठोपाठ त्याचे धाकटे भाऊ आर्थर आणि गॅस्टन हेही अमेरिकेत आले.

१९०५ हे वर्ष त्याच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. त्या वेळी तो फियाट गाड्यांच्या न्यूयॉर्कमधील विक्रेत्याकडे काम करीत होता. २० मे रोजी मॉरिस पार्क येथील मैदानावर त्याला फियाटची ९० अश्वशक्तीची शर्यतीची गाडी चालवायला मिळाली. मोटारींच्या शर्यतीत तो प्रथमच उतरत होता. एक मैल अंतर त्याने ५२.८ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी ६८ मैलांचा वेग गाठला, आणि शर्यत जिंकली. बार्नी ओल्डफील्ड हा तेव्हा अमेरिकेतील सर्वांत नावाजलेला चालक. त्या वर्षात या नवख्या स्विस तरुणाने त्यालाही मागे टाकले. वर्तमानपत्रांना एक नवे नाव मिळाले, उच्चारायला थोडे अवघड, ऐकायला मात्र डौलदार. त्याच वर्षी लुईने सुझान त्रेवू हिच्याशी विवाह केला. पुढे या दांपत्याला चार्ल्स आणि आल्फ्रेड हे दोन मुलगे झाले.

त्या काळच्या शर्यतींत आजच्यासारखी सुरक्षेची साधने नव्हती. डोक्याला शिरस्त्राण नाही, बांधून घ्यायला पट्टा नाही, वर छप्पर नाही. मातीच्या रस्त्यावर उडणाऱ्या धुळीत पुढचे काही दिसत नसे. चालकाशेजारी बसलेला मेकॅनिक हाताने पंप मारून इंधनाचा दाब राखी आणि मागे वळून कोण येत आहे ते सांगे. लुईची चालवण्याची पद्धत कमालीची आक्रमक होती. अपघातांमुळे त्याला वेळोवेळी रुग्णालयात पडून राहावे लागले. गाडी मोडली की ती कुठे मोडली आणि का मोडली हे पाहणे, आणि पुढच्या वेळी तो भाग अधिक मजबूत व अधिक हलका करणे, हाच त्याचा अभ्यासक्रम होता. अभियांत्रिकीची पदवी नसलेला हा माणूस गाड्यांची रचना करू लागला तो या मार्गाने.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात विल्यम ड्युरांट आला. ड्युरांट मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरचा. घोडागाड्यांच्या धंद्यात त्याने अमाप पैसा मिळवला होता आणि १९०४ मध्ये डबघाईला आलेली ब्युइक कंपनी हाती घेऊन ती नावारूपाला आणली होती. यंत्राचे त्याला फारसे ज्ञान नव्हते. माणसे ओळखणे, भांडवल उभे करणे आणि वस्तू विकणे या तीन गोष्टींत मात्र त्याचा हात धरणारा त्या काळी क्वचितच कोणी असेल. शर्यत जिंकणाऱ्या गाडीची चौकशी दुसऱ्याच दिवसापासून वाढते, हे त्याने हेरले होते. म्हणून त्याने ब्युइकचा स्वतंत्र शर्यतसंघ उभारला आणि लुईला त्यात घेतले. दोन्ही शेवरोले बंधूंना ड्युरांटने कारखान्यामागच्या मैदानात एकमेकांविरुद्ध गाडी चालवायला लावली, अशी एक कथा फ्लिंटमध्ये सांगितली जाते. लुई पुढे निघाला आणि आर्थर मागे राहिला. ड्युरांटने लुईला शर्यतीसाठी नेमले आणि विनाकारण धोका न पत्करणाऱ्या आर्थरला स्वतःची गाडी चालवायला ठेवले. कथेत मीठमसाला असेल, पण ड्युरांटची पारख कशी चाले हे त्यातून कळते.

१९०९ च्या जूनमध्ये इंडियाना राज्यातील क्राउन पॉइंट येथे कोब चषकाची शर्यत झाली. सुमारे ३९५ मैलांचे अंतर, साधे खडबडीत रस्ते आणि आठ तासांहून अधिक वेळ चाकामागे बसण्याची कसोटी. ती शर्यत लुईने ब्युइकमध्ये बसून जिंकली. लोकांना सहज परवडणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची गाडी एवढ्या लांब पल्ल्याला टिकते, ही जाहिरात विकत घेऊन मिळणारी नव्हती. कामगिरीचे रूपांतर प्रतिष्ठेत आणि प्रतिष्ठेचे विक्रीत कसे होते, हे ड्युरांटने लुईच्या रूपाने प्रत्यक्ष पाहिले.

दरम्यान ड्युरांटने १९०८ साली जनरल मोटर्सची स्थापना केली होती. ब्युइक, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या तो एकामागून एक तिच्या छत्राखाली आणत गेला. खरेदीचा वेग मिळकतीपेक्षा जास्त झाला, कर्ज चढले आणि १९१० मध्ये बँकवाल्यांनी कारभार आपल्या हाती घेऊन संस्थापकालाच बाजूला सारले. ड्युरांटने हार मानली नाही. जनरल मोटर्स परत मिळवायची तर आधी नवी कंपनी उभी करून यशस्वी करायला हवी, आणि नव्या कंपनीला हवे एक असे नाव जे ग्राहकाने आधीच ऐकलेले आहे. असे नाव त्याच्या ओळखीच्या एका माणसाकडे होते.

डेट्रॉईटमधील ग्रँड रिव्हर मार्गावरच्या एका गॅरेजमध्ये लुईने नव्या गाडीचे काम सुरू केले. एतिएन प्लांश हा अभियंता त्याच्या मदतीला होता. ३ नोव्हेंबर १९११ रोजी शेवरोले मोटर कार कंपनीची रीतसर नोंदणी झाली. लुईची महत्त्वाकांक्षा स्पष्ट होती. शर्यतीच्या मैदानावर जे शिकलो ते सारे ओतून रस्त्यावर चालणारी एक उत्तम गाडी घडवायची, आणि ती घडवताना काटकसर करायची नाही. तिचे नाव ठेवले क्लासिक सिक्स. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ पाच लिटर क्षमतेचे इंजिन, ४० अश्वशक्ती, ताशी ६५ मैलांपर्यंत वेग, विजेचे दिवे, पाच जणांची ऐसपैस बैठक. किंमत २,१५० डॉलर.

या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी त्या काळची मजुरी पाहावी लागते. १९१४ च्या जानेवारीत हेन्री फोर्डने कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली, तेव्हा सारा देश चकित झाला, कारण तो दर नेहमीच्या मजुरीच्या दुपटीच्या घरात होता. त्या उदार दरानेही क्लासिक सिक्स घ्यायला एका कामगाराला ४३० दिवसांची पूर्ण कमाई मोजावी लागली असती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीची किंमत त्याच सुमारास ४९० डॉलरवर आली होती, म्हणजे ९८ दिवसांची कमाई. वेग, शक्ती आणि डौल या बाबतींत मॉडेल टी शेवरोलेच्या जवळपासही येत नव्हती. पण शेतकरी, शिक्षक, गावचा डॉक्टर यांना ताशी ६५ मैलांची गरजच नव्हती. त्यांना चिखलातून घरी पोहोचवणारी आणि गावच्या लोहारालाही दुरुस्त करता येणारी गाडी हवी होती.

ड्युरांटला हे लवकर उमगले. विल्यम लिटल या सहकाऱ्याच्या नावाने तो स्वस्त गाड्यांची दुसरी कंपनी चालवत होता. लिटलच्या गाड्या खपत होत्या, पण त्या नावाला वजन नव्हते. इंग्रजीत त्याचा अर्थच मुळी लहानसा असा होतो. शेवरोले नावाला वजन होते, पण गाडी महाग होती. ड्युरांटने सरळ बेरीज केली : स्वस्त गाडी घ्यायची आणि तिच्यावर वजनदार नाव लावायचे. १९१३ मध्ये दोन्ही उद्योग एकत्र करण्यात आले. गळ्यातल्या बो-टायसारखे दिसणारे प्रसिद्ध बोधचिन्हही त्याच वर्षीपासून वापरात आले. ते ड्युरांटला कुठे सुचले याच्या कथा अनेक आहेत. फ्रान्समधील हॉटेलच्या भिंतीवरील कागदाच्या नक्षीवरून, वर्तमानपत्रातील एका जाहिरातीवरून, किंवा स्विस ध्वजावरील क्रूसावरून, असे वेगवेगळे तर्क आहेत. चिन्ह ड्युरांटने निवडले आणि त्याखाली नाव लुईचे आले.

लुईला ही बेरीज मान्य होण्यासारखी नव्हती. आपले नाव म्हणजे आपल्या हाताची सही, असे तो मानत असे. ज्या गाडीची रचना आपण केली नाही, जी शर्यतीच्या मैदानावर एक फेरीही धड पुरी करू शकणार नाही, तिच्यावर आपले नाव का असावे, हा त्याचा प्रश्न होता. ड्युरांटच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे होतेच. भांडवल त्याने उभे केले होते, जोखीम त्याची होती, आणि न खपणारी उत्तम गाडी कंपनीला तारू शकत नाही हे व्यवहाराचे सत्य होते. दोघांमध्ये आणखी एक वाद धुमसत होता. लुईच्या ओठात सतत सिगारेट लोंबकळत असे. कंपनीच्या प्रमुखाला सिगार शोभतो, असे ड्युरांटला वाटे. वरवर हा क्षुल्लक मतभेद होता, पण त्याच्या मुळाशी तोच प्रश्न होता : हा माणूस कारागीर म्हणून कंपनीत आहे की तिचा मुखवटा म्हणून?

१९१३ च्या अखेरीस लुई कंपनीतून बाहेर पडला आणि तिच्यातील आपला हिस्साही त्याने सोडला. मोटारगाड्यांवर शेवरोले हे नाव लावण्याचा अधिकार मात्र कंपनीकडेच राहिला. कागदावर सही करताना इंजिनाच्या प्रत्येक खिळ्याचा विचार करणाऱ्या या माणसाने आपल्या नावाचे मोल मात्र मोजून घेतले नव्हते.

त्यानंतर जे घडले ते अमेरिकेच्या उद्योगजगतातील सर्वांत धाडसी डावांपैकी एक मानले जाते. लुईच्या मूळ आराखड्यापासून दूर जात ड्युरांटने चार सिलिंडरांच्या स्वस्त गाड्या बाजारात आणल्या. १९१५ मध्ये त्याने ४९० हे मॉडेल जाहीर केले. हा आकडा हेच तिचे नाव आणि हीच तिची किंमत. फोर्डशी तिची थेट बरोबरी होती. फोर्डने किंमत ४४० डॉलरवर उतरवून उत्तर दिले, पण ग्राहकाला आता दोन गाड्यांची तुलना करता येऊ लागली होती. विजेचे दिवे आणि विजेवर सुरू होणारे इंजिन हवे असेल तर शेवरोलेत थोडे जास्त पैसे भरून ते मिळत असे. मॉडेल टी अजून हाताने दांडा फिरवून सुरू करावी लागे. विक्री वाढली, भागांचे भाव चढले. मग ड्युरांटने शेवरोलेचे पाच भाग घेऊन जनरल मोटर्सचा एक भाग देण्याचे आवाहन बाजाराला केले. बघता बघता जनरल मोटर्सवर त्याचा ताबा आला आणि जून १९१६ मध्ये तो पुन्हा तिच्या अध्यक्षपदी बसला. हाकललेल्या मालकाला आपले राज्य परत मिळाले ते एका घड्याळजीच्या मुलाच्या नावावर. तो मुलगा तेव्हा त्या हिशेबात कुठेच नव्हता.

लुईने भावांना घेऊन वेगळा संसार मांडला होता. १९१४ मध्ये त्याने फ्रंटेनॅक मोटर कॉर्पोरेशनची स्थापना केली. स्वतःचे नाव वापरता येत नसल्यामुळे कॅनडातील जुन्या फ्रेंच वसाहतीच्या एका गव्हर्नराचे नाव त्याने गाडीला दिले. इंडियानापोलिस हे शहर त्याचे कार्यक्षेत्र बनले. तिथल्या वर्तुळाकार मार्गावर दरवर्षी होणारी पाचशे मैलांची शर्यत ही अमेरिकेतील मोटार-कारागिरीची सर्वोच्च परीक्षा. फ्रंटेनॅकच्या इंजिनांत लुईने ॲल्युमिनियमचा भरपूर वापर केला, कारण वजन कमी म्हणजे वेग जास्त आणि टायरची झीज कमी, हे त्याला अनुभवाने माहीत होते. १९१७ मध्ये सिनसिनाटीजवळच्या लाकडी फळ्यांच्या धावपट्टीवर त्याने फ्रंटेनॅकमधून मोठी शर्यत जिंकली. इंडियानापोलिसमध्ये तो स्वतः चार वेळा उतरला. १९१९ मधील सातवा क्रमांक ही त्याची तिथली सर्वोत्तम कामगिरी.

३१ मे १९२० हा शेवरोले घराण्याचा सोन्याचा दिवस. मन्‍रो या नावाखाली आणि फ्रंटेनॅक या नावाखाली लुईने बांधलेल्या सात गाड्या त्या वर्षीच्या शर्यतीत होत्या. त्यांपैकी काहींचे स्टिअरिंगचे दांडे धातूतील दोषामुळे तुटले आणि त्या गाड्या भिंतीवर आदळल्या. पण धाकट्या गॅस्टनची गाडी टिकून राहिली. एकही टायर न बदलता पाचशे मैल पुरे करून त्याने शर्यत जिंकली. या शर्यतीच्या इतिहासात असे आधी कोणी केले नव्हते. युरोपीय गाड्यांनी सलग अनेक वर्षे गाजवलेल्या या मैदानावर अमेरिकेत बांधलेल्या गाडीने पुन्हा मान मिळवला होता. गाडी लुईची, चालक त्याचाच भाऊ. गाडीवर नाव मात्र त्यांचे नव्हते.

हा आनंद सहा महिनेही टिकला नाही. २५ नोव्हेंबर १९२० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या बेव्हर्ली हिल्स येथील लाकडी धावपट्टीवर झालेल्या अपघातात गॅस्टनचा मृत्यू झाला. तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. राष्ट्रीय विजेतेपद त्याला मिळाले ते मरणानंतर. लुईने त्यानंतर शर्यतीत गाडी चालवणे सोडून दिले. गाड्या बांधणे मात्र थांबवले नाही. १९२१ मध्ये टॉमी मिल्टनने इंडियानापोलिसची शर्यत जिंकली ती लुईच्या आठ सिलिंडरांच्या फ्रंटेनॅकमधून. लागोपाठ दोन वर्षे लुईच्या हातच्या गाडीने देशातील सर्वांत मोठी शर्यत जिंकावी, हे त्याच्या कसबाचे निर्विवाद प्रमाणपत्र होते.

या कीर्तीवर सामान्य ग्राहकासाठी फ्रंटेनॅक गाडी काढण्याचा प्रयत्न झाला. स्टट्झ कंपनीशी संबंधित भांडवलदार पाठीशी होते. पण पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत तो आधार कोसळला आणि गाडी बाजारात येण्याआधीच योजना बुडाली. तेव्हा शेवरोले बंधूंनी तगून राहण्यासाठी जो धंदा शोधला, त्यात दैवाचा मोठा विनोद होता. रस्त्यांवर लक्षावधी मॉडेल टी धावत होत्या. त्यांचे इंजिन जेमतेम वीस अश्वशक्तीचे. बंधूंनी त्या इंजिनावर बसवता येईल असे नव्या रचनेचे सिलिंडर हेड तयार केले. ते बसवताच शेतातली फोर्ड शर्यतीच्या मैदानात उतरू शकत असे. ही हेडे देशभर विकली गेली आणि अशा गाड्यांना फ्रंटी-फोर्ड हे नाव पडले. १९२३ मध्ये अशाच एका गाडीने इंडियानापोलिसमध्ये पाचवा क्रमांक मिळवला. गाडी स्वस्तात घ्यायची आणि नंतर सुटे भाग लावून तिची ताकद वाढवायची, हा अमेरिकन तरुणांचा छंद पुढे फार फोफावला. त्याच्या मुळाशी असलेल्या कारागिरांत लुईचे नाव घ्यावे लागते. ज्या नावाची गाडी फोर्डशी स्पर्धा करीत होती, त्या नावाचा माणूस फोर्ड गाड्यांना वेग देऊन पोट भरत होता.

त्याच दशकात शेवरोले हे नाव मात्र अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले. ड्युरांटला १९२० मध्ये जनरल मोटर्समधून दुसऱ्यांदा आणि कायमचे जावे लागले. पुढे सूत्रे आल्फ्रेड स्लोन याच्या हाती आली. त्याने कंपनीच्या गाड्यांची एक शिडी रचली. तळाच्या पायरीवर शेवरोले, मग ओकलंड आणि पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि माथ्यावर कॅडिलॅक. नोकरीत बढती मिळाली की माणसाने एक पायरी वर चढावे. १९१९ पासून कंपनीची स्वतःची कर्जसंस्था हप्त्यांवर गाडी देऊ लागली होती. जुनी गाडी देऊन नवी घेणे, हप्त्यांचा व्याजदर तपासणे, दरवर्षी नव्या रूपात येणाऱ्या मॉडेलची वाट पाहणे, ही आजच्या ग्राहकाची सारी सवय त्या काळात रुजली. १९२७ मध्ये फोर्डने मॉडेल टीचे उत्पादन थांबवले आणि शेवरोले विक्रीत पुढे गेली. लुईने जिला सर्वोत्तम गाडी म्हणून जन्म दिला, ती आता शिडीची पहिली पायरी होती. आणि त्या पायरीवरच तिचे सामर्थ्य उभे राहिले.

हे नाव समुद्रापारही गेले. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला आणि तिथून शेवरोले गाड्या भारताच्या रस्त्यांवर आल्या. पुढे कंपनीने तो कारखाना गुंडाळला. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे तिचा नवा प्रकल्प उभा राहिला. २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबली आणि २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही. मावळातल्या अनेक तरुणांनी ज्या नावाच्या गाड्या हाताने जुळवल्या, त्या नावामागे एक हाडामांसाचा कारागीर होता, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल.

लुईने आणखी एक झेप घेऊन पाहिली. १९२९ मध्ये आर्थरसह त्याने विमानांची इंजिने बनवणारी कंपनी काढली. इंजिन चांगले होते, पण भावाभावांत मतभेद झाले, त्यातच त्या वर्षीच्या शरद ऋतूत शेअरबाजार कोसळला. कंपनी बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन या विमान-उद्योजकाकडे गेली. पन्नाशी ओलांडलेल्या लुईकडे ना भांडवल उरले ना कारखाना. महामंदीच्या त्या वर्षांत तो डेट्रॉईटला परतला आणि जनरल मोटर्सच्या शेवरोले विभागात त्याने नोकरी पत्करली. फाटकावर, भिंतींवर, गाड्यांच्या माथ्यावर सर्वत्र ज्याचे नाव कोरलेले, तो माणूस तिथे पगारी कामगार म्हणून आत जाई आणि पाळी संपली की घरी परते.

१९३४ मध्ये थोरला मुलगा चार्ल्स मरण पावला. लुईची प्रकृती ढासळत गेली. मेंदूतील रक्तस्रावानंतर त्याला काम सोडावे लागले. सुझानबरोबर तो काही काळ फ्लोरिडाच्या उबदार हवेत राहिला, पण अखेर मिशिगनलाच परतला. ६ जून १९४१ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. आर्थरने १९४६ मध्ये आपले जीवन स्वतःच्या हातांनी संपवले. दिवाळखोर झालेला ड्युरांट उतारवयात फ्लिंटमध्ये बोलिंगचे खेळघर चालवत होता; तोही १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेला. म्हणजे किंमत ओळखणाऱ्याच्या हातीही शेवटी काही राहिले नाही.

लुईच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, जानेवारी १९५३ मध्ये, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात एक बुटकी, उघडी, दोन आसनांची पांढरी गाडी लोकांसमोर आली. तिचे नाव शेवरोले कॉर्व्हेट. १९५५ मध्ये शेवरोलेला आठ सिलिंडरांचे नवे, हलके आणि दमदार इंजिन मिळाले आणि शर्यतींची आवड असलेले तरुण पुन्हा या नावाकडे वळले. स्वस्त गाडीचे नाव एवढीच ओळख उरलेल्या कंपनीला ग्राहकाच्या तिसऱ्या तराजूत वजन टाकण्यासाठी अखेर वेगाकडेच परतावे लागले. १९१३ मध्ये ज्या आग्रहापायी लुई घराबाहेर पडला, तोच आग्रह चाळीस वर्षांनी त्या घराने जाहिरातीच्या पहिल्या ओळीत आणून बसवला.

आज इंडियानापोलिसच्या शर्यतमार्गावर लुई शेवरोलेचे स्मारक आहे. त्याच शहरातील कॅथलिक दफनभूमीत, भाऊ गॅस्टनच्या शेजारी, त्याची कबर आहे. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी लाखो लोक या शहरात येतात. त्यांतल्या कित्येकांच्या गाड्यांवर त्याचे नाव असते, आणि २०१२ पासून ही शर्यतच अशा इंडीकार गाड्यांची झाली आहे की तिच्यातील अनेकांच्या पाठीशी आज शेवरोलेचे इंजिन धडधडत असते.